रस्ता आला, मूल्ये कुठवर आली?

हा लेख आम्ही चौघांनी मिळून लिहिला आहे. आमच्यापैकी दोघे शहापूर तालुक्यातले, दोघे मुरबाडचे; तिघे पुरुष, एक स्त्री. चौघेही १९८८ साली आपल्या शाळेतून दहावी झालो. संपादक मंडळाने शाळेच्या आठवणी लिहून पाठवा असे कळविले होते. आठवणी पुष्कळ आहेत. परंतु पन्नाशी ओलांडल्यावर आठवणींपेक्षा एक प्रश्न आम्हांला अधिक छळतो. रस्ता, वीज, शिक्षण, नोकरी, पैसा या गोष्टी आल्या म्हणजे माणसाची मूल्येही बदलतात काय? आणि बदलली, तर त्यातून लोकशाही रुजते काय? यावर आमचे एकमत नाही. जिथे मतभेद आहे तिथे तो तसाच ठेवला आहे.

आरंभ मात्र शाळेपासूनच करावा लागेल, कारण लोकशाही हा शब्द नागरिकशास्त्राच्या पुस्तकात वाचण्यापूर्वी आम्ही तो मडक्यात टाकला होता. जुन्या विद्यार्थ्यांना आठवत असेल, विहाराच्या ओसरीवर शालेय मंत्रिमंडळाची निवड होई. मतपत्रिका छापण्याइतके पैसे शाळेकडे नव्हते. होकार असेल तर चिंचोका, नकार असेल तर खडा. सगळ्यांनी मूठ मिटून मडक्यात हात घालायचा, म्हणजे कोणी काय टाकले ते दिसत नसे. भंतेजी सांगत की ही युक्ती काही नवी नव्हे. भिक्खुसंघात वाद मिटला नाही तर शलाका वाटून मत घेत, आणि शलाका वाटणारा भिक्खू निवडताना तो पक्षपाताने, द्वेषाने, मोहाने किंवा भयाने वागणारा नाही ना, हे पाहिले जाई. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी याच संघाच्या कामकाजाचा दाखला दिला होता: बसण्याची व्यवस्था, ठराव, गणसंख्या, मतमोजणी, सारे नियम भिक्खूंना माहीत होते, आणि ते त्या काळच्या राजकीय सभांतून घेतले असावेत, असे त्यांचे म्हणणे. आम्हां पोरांना एवढेच कळले की आपला चिंचोका फार जुना आहे. त्याचा अभिमान वाटे.

हा अभिमान आम्ही नववीत असताना उतरला. त्या वर्षी वसतिगृहात मुरबाडच्या एका वाडीतून दोन कातकरी मुले आली. त्यांचे आईवडील दिवाळीनंतर भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जात. आम्ही बहुतेक बौद्ध घरांतले. पिण्याच्या पाण्याच्या रांजणात त्या दोघांनी वगराळे घालावे की नाही, यावर कुजबुज सुरू झाली. कोणी शिकविले? कोणीच नाही. शिकविण्याची गरजच नव्हती. ज्या पायरीवर आपण उभे असतो तिच्या खालची पायरी कुठे आहे, हे या देशातल्या मुलाला बोलता येण्याआधी कळते. आमच्यातल्या एका हुशार मुलाने सुचविले, मत घेऊ या. रीतसर मत घेतले. मडके उपडे केले तेव्हा खडे अधिक निघाले. त्या दोघांनी रांजणाला हात लावायचा नाही असा निर्णय बहुमताने, गुप्त मतदानाने, अगदी लोकशाही पद्धतीने झाला. आमच्यापैकी किती जणांनी खडा टाकला होता, हे आज पस्तीस-छत्तीस वर्षांनी एकमेकांना प्रथमच सांगितले. तिघांनी.

गुरुजींनी मडके पाहिले आणि फक्त म्हणाले, "हा प्रश्न मताला टाकायचाच नव्हता." मग त्यांनी त्या दोघांपैकी धाकट्याला हाक मारून त्याच्या हातून पाणी घेतले आणि प्याले. ज्याला तहान लागली असेल त्याने याच मुलाच्या हातून घ्यावे, नाहीतर थांबावे, असे सांगून ते वर्गावर गेले. आम्ही दुपारपर्यंत थांबलो, आणि मग प्यालो. महाडच्या चवदार तळ्यावर आमच्या आजोबांच्या पिढीने १९२७ साली ओंजळ भरली होती. बरोबर साठ वर्षांनी त्यांची नातवंडे रांजणावर पहारा देत बसली होती. बहुमत कशाकशावर चालते आणि कशावर चालत नाही, मूलभूत हक्क संविधानात वेगळे का लिहून ठेवले आहेत, हे पुढे महाविद्यालयात वाचताना आम्हांला नवे वाटले नाही. त्या दोघांतला थोरला दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर भट्टीवर गेला तो परत आला नाही. त्याचे नाव हजेरीपटावर वर्षअखेरपर्यंत होते.

आता मूळ प्रश्नाकडे. त्याचा जगभर पुष्कळ अभ्यास झालेला आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सेमूर मार्टिन लिप्सेट यांनी १९५९ साली असे मांडले की देश जितका संपन्न, शिक्षित आणि नागरी, तितकी तिथे लोकशाही टिकण्याची शक्यता अधिक. पुढे रोनाल्ड इंगलहार्ट यांनी या मांडणीत माणसाचे मन घातले. १९८१ पासून चालत आलेल्या जागतिक मूल्य सर्वेक्षणाच्या आधारे त्यांनी आणि क्रिस्तियान वेल्झेल यांनी २००५ साली एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: ज्याला उद्याच्या भाकरीची भ्रांत आहे तो तगून राहण्याची मूल्ये धरून चालतो, जातभाईंना चिकटतो, परक्याला भितो, अधिकाऱ्यापुढे वाकतो, मुलांना आज्ञाधारकपणा शिकवितो. पोटाची चिंता मिटलेल्या वातावरणात जी पिढी वाढते तिला स्वतःचे मत असावे, स्वतःची निवड असावी असे वाटू लागते. स्त्रीपुरुष समता, वेगळ्या माणसाविषयी सहिष्णुता या गोष्टी तिला पटू लागतात. आणि असे वाटणाऱ्यांची संख्या वाढली की लोकशाही नुसती कागदावर राहत नाही. एक मात्र त्यांनी स्पष्ट सांगितले आहे, की जुन्या धर्मपरंपरेचा ठसा श्रीमंतीनेही सहज पुसला जात नाही. स्वीडन आणि जपान दोन्ही श्रीमंत; तरी मूल्यांच्या नकाशावर ते एका ठिकाणी येत नाहीत.

हे वाचले तेव्हा आमच्यातल्या शहापूरकरांना ते पटले. त्यांच्यापैकी एकाचे वडील रेल्वेत गँगमन होते. साहेब दिसला की ते घरातसुद्धा उभे राहत. "प्रश्न विचारू नको, नोकरी जाईल" हे वाक्य त्या घरात पंचशीलाइतक्याच नियमाने कानी पडे. आज त्याच घरातली नात पुण्याला नोकरी करते आणि वरिष्ठाला इ-मेलवर विचारते की हा निर्णय कोणत्या नियमाने घेतलात. दोन पिढ्यांत एवढे अंतर पडले, ते दरमहा येणाऱ्या पगाराने पडले, उपदेशाने नव्हे, असे त्याचे ठाम मत आहे.

मुरबाडकर म्हणतात, तसे असते तर शहापूर आमच्या शंभर वर्षे पुढे असायला हवे होते. हा युक्तिवाद विनोदाने केला जातो, पण तो विचार करण्यासारखा आहे. लोहमार्ग कसाऱ्यापर्यंत १८६१ साली पोहोचला. वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी ही स्थानके आमच्या पणजोबांच्या आधीची. मुरबाडला आजही रेल्वे नाही. कल्याण-मुरबाड मार्गाच्या बातम्या वाचत आमचे केस पांढरे झाले. दोन शेजारचे तालुके, एकच बोली, त्याच जाती-जमाती, तीच भातशेती. एकाकडे दीडशे वर्षे आगगाडी आणि दुसऱ्याकडे कल्याणची एस.टी. मग लग्नात हुंडा घेण्यात, मुलीच्या पसंतीला मान देण्यात, आदिवासी वाडीशी वागण्यात काही फरक दिसतो काय? आम्ही चौघांनी आपापल्या गावांची, नातलगांची उजळणी केली. आम्हांला तो दिसला नाही.

याचे एक कारण आम्हांला असे वाटते, की आधुनिकता आमच्या भागातून गेली. आमच्या भागात थांबली नाही. तानसा धरण १८९२ सालचे. पुढे मोडकसागर, भातसा झाले. मुंबईची तहान मुख्यतः शहापूर तालुक्यातले पाणी भागविते, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर मे महिन्यात टँकरभोवती हंडे लागतात. विजेचेही तसेच. दर वर्षी २ जानेवारीला शाळा आम्हांला सिद्धगडला नेई. १९४३ साली त्या दिवशी भाई कोतवाल आणि कर्जत तालुक्यातल्या मानिवलीचे हिराजी पाटील तिथे हुतात्मा झाले. त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडले होते. गुरुजी हे सांगत तेव्हा आमच्यातला एक हळूच म्हणायचा, आपल्या वाडीत अजून कंदीलच आहे, मनोरा पाडायचा तर कोणाचा? गाडी, पाणी आणि वीज डोक्यावरून जात असेल तर तिच्यामुळे मनाची भीती कमी होत नाही. उलट आपण कोणाच्या तरी वाटेतले आहोत, एवढेच लक्षात राहते.

दुसरे कारण कारखान्याचे आहे, आणि इथे इंगलहार्ट यांचे म्हणणे आम्हांला बारकाईने लागू पडते. कारखानदारी येते तेव्हा माणूस देवऋष्यापासून दूर जातो, पण स्वतंत्र होत नाही. भगताच्या जागी मुकादम येतो, असे त्यांच्या मांडणीचे आम्ही आमच्या भाषेत रूपांतर केले आहे. स्वतःच्या बुद्धीने निर्णय घ्यावे लागणारी कामे आली की स्वातंत्र्याची ओढ वाढते, हा पुढचा टप्पा. मुरबाडची औद्योगिक वसाहत आम्ही उभी राहताना पाहिली. आता भिवंडी-पडघ्याची प्रचंड गोदामे पाहतो. आमच्या भावकीतली कितीतरी मुले तिथे कंत्राटावर आहेत. हातात यंत्र आहे, अंगावर गणवेश आहे, मोबाइलमध्ये सारे जग आहे. परंतु पाळी कोणती, सुट्टी कधी, उद्या काम आहे की नाही, यांतले एकही त्यांना विचारून ठरत नाही. दिवसाचे दहा तास ज्याला कोणी काही विचारत नाही, त्याने संध्याकाळी ग्रामसभेत उठून प्रश्न विचारावा ही अपेक्षा आम्हांला अन्यायाची वाटते. तरीही काही जण विचारतात.

आणि या देशाचा तर क्रमच उलटा. १९५१ च्या जनगणनेत शंभरांत अठरा माणसे साक्षर होती. त्याच हिवाळ्यात प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाच्या मताने पहिली सार्वत्रिक निवडणूक सुरू झाली. भाकरी आधी, मग मत, असे सिद्धांत सांगतो. आमच्या आजीला मत आधी मिळाले. दोन्ही वेळची भाकरी फार नंतर. बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकाराची मागणी १९२८ सालीच सायमन कमिशनपुढे केली होती. लोक शिकतील, सुखवस्तू होतील आणि मग मताला पात्र ठरतील, हा हिशेब त्यांना मान्य नव्हता. आणि मत मिळाल्याने सारे साधेल असा भ्रमही नव्हता. लोकशाही ही इथल्या मातीवर वरवर पसरलेला थर आहे असे त्यांनीच म्हटले, आणि २६ जानेवारी १९५० पासून राजकारणात समता आणि जीवनात विषमता असे दुहेरी आयुष्य सुरू होईल, हा इशाराही त्यांचाच. चीनमध्ये गेल्या चाळीस वर्षांत संपत्ती आली, मतपेटी आली नाही. आपल्याकडे मतपेटी आली आणि संपत्ती रेंगाळली. तेव्हा यांतले एक दुसऱ्याच्या मागे आपोआप चालत येते, असे निदान आम्हांला म्हणवत नाही.

मुरबाडकरांचा एक लाडका दाखला इथे दिलाच पाहिजे. तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांची ती कल्पना. मोतीराम दलाल ट्रस्टची तिला साथ मिळाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, खांद्याला दप्तर लावून शाळेत येतात. त्यांना आता नोकरी लागायची नाही, पगारवाढ व्हायची नाही. पोथी स्वतः वाचावी, अंगठ्याऐवजी सही करावी, एवढीच इच्छा. पोटाची चिंता संपल्यावरच स्वतःच्या मनासारखे करण्याची इच्छा जागी होते, असे म्हणणाऱ्याने फांगण्याला जावे. ती इच्छा या बायांच्या मनात साठ वर्षे होती. तिला घरात जागा नव्हती. शहापूरकर यावर म्हणतात की सुना कमावू लागल्या, गॅस आला, नळ आला, म्हणून दुपारचे दोन तास मोकळे झाले. म्हणजे शेवटी आमचेच खरे. हा वाद आम्ही कल्याण स्टेशनवर तीन वेळा चहा मागवूनही मिटवू शकलो नाही.

आमच्यातली मैत्रीण पाच वर्षे सरपंच होती. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली आणि २०११ पासून महाराष्ट्राने पंचायतींत स्त्रियांना निम्म्या जागा दिल्या. त्या निम्म्यांतली एक तिची. पहिल्या वर्षी ग्रामसेवक कागद तिच्या पतीपुढे ठेवी. पती आमच्याच शाळेचा, दोन वर्षे पुढचा. विहारात समतेवर सुंदर बोलतो. तो सही कुठे करायची ते बोटाने दाखवी आणि ती करी. दुसऱ्या वर्षी पाड्यावरच्या बायका ग्रामसभेत हंडे घेऊन आल्या. एक म्हातारी ठाकरीण तिला म्हणाली, "बाय, तू बोल ना. दादल्याला आम्ही मत नाय दिला." त्यानंतर ती कागद वाचून सही करू लागली. घरी दोन महिने अबोला होता. ती सांगते, की आरक्षणाने खुर्ची दिली, शाळेने वाचायला शिकविले, पण तोंड त्या म्हातारीने उघडविले. त्या म्हातारीला अक्षर येत नव्हते.

एवढे लिहून झाल्यावर लेख संपवून पाठवावा असे ठरत होते. तेव्हा आमच्यापैकी एकाने, शहापूरच्या, सांगितले की हा लेख आपण असा पाठविला तर तो खोटा ठरेल. त्याची हकिकत अशी.

समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून जातो. आरंभी तालुक्यात त्याला मोठा विरोध झाला. पुढे थेट खरेदीचे भाव ऐकून बऱ्याच जणांनी जमिनी दिल्या. या मित्राच्या वडिलांची दीड एकर माळजमीन त्यात गेली. ज्या माळावर वरईसुद्धा धड येत नव्हती तिचे एवढे पैसे होतील असे कोणाच्या स्वप्नात नव्हते. वडील वारलेले. सातबाऱ्यावर दोन भाऊ आणि एक बहीण. बहीण वाशिंदला दिलेली. भावांनी तिला निरोप धाडला, सहीला ये. ती आली तेव्हा दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्र तयार होते. ती एवढेच म्हणाली, "दादा, विचारायला बोलावलंस की सहीलाच?" त्याने उत्तर दिले नाही. तिने सही केली, वडापाव खाल्ला आणि दुपारच्या गाडीने परत गेली. त्या पैशातून दोन घरे झाली, एक गाडी आली, आणि गावच्या विहाराला देणगी दिली गेली. देणगीदारांच्या फलकावर दोन्ही भावांची नावे आहेत.

हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच वाटा दिला आहे. मुलीच्या वारसाहक्काचा समावेश असलेल्या हिंदू कोड बिलाची सरकारने उपेक्षा केली, हे १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडण्याचे एक मोठे कारण होते. हे आमच्या मित्राला ठाऊक होते. भीमजयंतीला तो यावर भाषण करतो. भंतेजी आम्हांला वज्जींची गोष्ट सांगत: ते वारंवार एकत्र जमतात, एकमताने जमतात आणि एकमताने उठतात, तोवर त्यांचा ऱ्हास होणार नाही असे भगवंतांनी म्हटले. त्या सात गोष्टींत कुलस्त्रियांवर आणि कुलकन्यांवर बळजबरी न करणे हीही एक होती. आम्हां सर्वांना पहिल्या दोन पाठ होत्या. पाचवी पुस्तक उघडून पाहावी लागली.

आणखी एक कबुली. हा मजकूर लेखात घ्यावा की नाही यावर आम्ही चौघांनी मत घेतले. दोन विरुद्ध दोन झाले. मग मैत्रीण म्हणाली, की हा प्रश्न आपण मताला टाकायचाच नव्हता. ज्याची गोष्ट आहे त्याने आणि जिची गोष्ट आहे तिने ठरवावे. त्याने बहिणीला फोन केला. नाव घालू नका, बाकी लिहा, असे ती म्हणाली. तिच्या हिश्शाची रक्कम तो देऊ करतो आहे, धाकटा भाऊ अजून तयार नाही, आणि बहीण म्हणते की आता पैसे नकोत. त्या दिवशी विचारले असते तर कदाचित तिने आपणहून सोडले असते, कदाचित नसते. पण ते तिने ठरविले असते.

येत्या रविवारी आम्ही चौघे वाशिंदला तिच्या घरी जाणार आहोत. मुरबाडकर दोघे कल्याणला गाडी धरतील, शहापूरकर आसनगावला बसतील. धाकट्या भावालाही बोलाविले आहे. तो येतो म्हणालेला नाही, आणि येत नाही असेही म्हणालेला नाही.